संकटात धावून जाणाऱ्यांच्या मनासाठी किनाऱ्यावरची पदयात्रा : पहिल्यांदाच निधी उभा करणाऱ्यांसाठी

निधीसाठी पदयात्रा काढायचं ठरलं की बोलणं लगेच किलोमीटर, टी-शर्टचा रंग आणि मुक्कामाचं जेवण यांवर येतं. ते सगळं नंतर. जमलेला पैसा कोणाच्या हातात पडणार, कशावर खर्च होणार आणि ज्यांच्या नावाने आपण मागतोय त्यांना तो तसाच हवा आहे का, हे आधी ठरवायचं. मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण चालायला उत्साही माणसं आपल्याकडे मिळतात, पैसेही मिळतात. अडतं ते इथेच.

आपण ज्यांच्यासाठी चालणार ती माणसं कोण, हे डोळ्यांसमोर आणा. १०८ च्या रुग्णवाहिकेवरचे चालक आणि डॉक्टर. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलातले जवान. पोलीस ठाण्यातले अंमलदार, होमगार्ड, किनाऱ्यावरचे जीवरक्षक, तालुक्यातले आपदा मित्र, म्हणजे आपत्तीच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक. हाक आली की होडी काढणारे खारवी आणि कोळी. दोर खांद्यावर टाकून दरीत उतरणारी गिर्यारोहक मुलं, ज्यांना यासाठी कुणी पगार देत नाही. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगावकडे असते. पावसाळ्यात तिची पथकं कोकणात आधीच आणून ठेवतात, तरी पहिल्या तासात पोचतात ती बहुतेक वेळा गावातली आणि तालुक्यातलीच माणसं.

त्यांच्या वाट्याला काय आलंय ते तारखांवरून कळतं. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, ३० जण दगावले, एकच वाचला. २ जुलै २०१९ ला तिवरे धरण फुटलं. २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली आणि त्याच पावसात महाड-चिपळूण पाण्याखाली होतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. तिथे गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर जाईनात, त्यामुळे पायी चढून, कुदळ-फावड्यांनी शोध घ्यावा लागला. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढतानाच हृदयविकाराने गेले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. त्या ५७ जणांना तिथेच ठेवून खाली उतरणाऱ्या माणसाच्या मनाचं काय होत असेल, याची दखल कुठल्याही पंचनाम्यात नसते.

अशा माणसाच्या घरी गेलात तर खूण बारीकच असते. दाराशी गमबूट तसेच पडलेले असतात, आतला चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या, आणि तो ते धूतही नाही, फेकतही नाही. घरचे सांगतात, रात्री दोनला उठून बसतो, पावसाचा जोर वाढला की जेवण टाकून अंगणात येऊन उभा राहतो, पोरांवर उगाच ओरडतो. काही जणांचं पिणं वाढतं. काही जण अगदी गप्प होतात आणि कामाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर असतात. सगळ्यांनाच आजार जडतो असं नाही. बहुतेकांचं मन काही आठवड्यांत आपोआप सावरतं. ज्यांचं सावरत नाही, त्यांना वेळेवर आणि गाजावाजा न होता मदत मिळावी, यासाठी हा खटाटोप.

पहिलं काम : त्यांना विचारा

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण ओसरला की रुग्णवाहिकेच्या थांब्यावर, अग्निशमन केंद्रात, बंदरावर जा. जून ते सप्टेंबर त्यांना त्रास देऊ नका. चार-पाच जणांची बैठक पुरे, आणि साहेब समोर नसतील अशी वेळ निवडा. ‘तुम्ही काय काय पाहिलंत’ असं कधीही विचारू नका. जखम उघडायचा आपल्याला अधिकार नाही आणि उघडली तर बांधायचं कौशल्यही नाही. झोप कशी लागते, मोठ्या घटनेनंतर सुट्टी मिळते का, कोणाशी बोलता, डॉक्टरकडे जावंसं वाटलं तर काय आडवं येतं, एवढंच विचारा आणि मग ऐकत बसा.

उत्तरं साधारण सारखी येतात. रजा मिळत नाही. १०८ वरची नोकरी कंत्राटी, त्यामुळे ‘याच्या डोक्यावर परिणाम झालाय’ अशी कुजबुज झाली तर उद्या गाडी हातात राहील का, ही धास्ती. गावात कळेल ही दुसरी. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. तिथे उपचार घेऊन आपापल्या संसाराला लागलेली माणसं कितीतरी. पण ‘याला आता रत्नागिरीला न्यायला हवा’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणापासून टिंगलीत ऐकलंय. तेच वाक्य त्या चालकाला मानसोपचार विभागाच्या दारातून माघारी फिरवतं. म्हणून समुपदेशनाची जागा कुठे, वेळ कोणती आणि नाव कोणाला कळणार, हे तीन प्रश्न तुमच्या सगळ्या पदयात्रेपेक्षा मोठे आहेत.

दुसरं : पैसा कशावर खर्च करायचा

इथे ठाम राहा. एका दिवसाचं ‘तणावमुक्ती शिबिर’, त्यात सत्कार, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचं भाषण, यावर एक रुपयाही खर्च करू नका. घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून ‘जे पाहिलं ते बोलून टाका’ असं एकाच बैठकीत करायला लावणं तर जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. त्याने पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींना अपाय होऊ शकतो.

खर्च करण्यासारख्या गोष्टी तीन. एक, प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडे सलग सहा ते आठ बैठका, फोनवरूनही चालतील अशा, शक्यतो त्या माणसाच्या तालुक्याबाहेर. दोन, तिथवर जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी. होडीवाल्या स्वयंसेवकाचा एक दिवस बुडाला की चूल अडते, हे शहरातल्या देणगीदाराच्या लक्षात येत नाही, त्याला ते सांगावं लागतं. तीन, पथकप्रमुखांसाठी मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियांत आहे : बघा, ऐका, जोडून द्या. सोबतच्याचं काही बिनसलंय हे ओळखणं, सल्ले न देता ऐकणं आणि योग्य ठिकाणी पोचवणं, एवढं पथकातल्या दोघांना जरी नीट जमलं तरी पुष्कळ फरक पडतो. घरच्यांसाठीही दोन बैठका धरा, कारण मधल्या रात्री बायकोनेच काढलेल्या असतात.

आकडा आधी मांडा. समजा, एका बैठकीला प्रवासासकट १५०० रुपये लागतात. सहा बैठकांचे ९००० झाले. तीस माणसांचे २,७०,०००. प्रशिक्षणाचे ६०,००० धरले तर ३,३०,०००. तुमच्या भागातले दर विचारून हा हिशेब बदला, पण कागदावर आणा. ‘जमेल तेवढं’ म्हणून मागितलं की मिळतंही जमेल तेवढंच.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला. आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राहावी, हा रुग्णाचा हक्क त्यात लिहिलेला आहे. मानसतज्ज्ञाशी करार करताना स्पष्ट लिहा की समितीला फक्त संख्या कळेल, नावं नाहीत. खात्यालाही नाहीत, देणगीदारालाही नाहीत.

तिसरं : पैसा घ्यायचा कोणाच्या खात्यात

स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड फिरवू नका. हेतू कितीही चांगला असला तरी पुढे विचारणा झाली की तोंड दाखवायला जागा राहत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, ‘१२ए’ (संस्थेला करसवलत) आणि ‘८०जी’ (देणगीदाराला करसवलत) ची मान्यता असलेली, शक्यतो आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी संस्था शोधा आणि तिच्याशी सहमतीपत्र करा : या कामासाठी वेगळं खातं किंवा वेगळी नोंद, खर्च दोघांच्या सहीने. संस्था नसेल आणि मित्रमंडळी मिळून जमवणार असाल, तर गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच परवानगी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालची, आधी घ्यावी लागते. पण नवख्यांनी संस्थेमार्फतच जावं, असं माझं मत.

देणगीदार हमखास विचारतात ते दोन मुद्दे पाठ करून ठेवा. रोख दिलेल्या देणगीवर २००० रुपयांच्या वर ८०जी ची सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ती मुळीच मिळत नाही. दुबई-मस्कतचे आपले गाववाले भारतीय पासपोर्टवर असतील तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी परदेशाचं नागरिकत्व घेतलंय त्यांचा ठरतो, आणि परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला तो घेताच येत नाही. आपल्याकडे घरटी कुणीतरी आखातात असतं, म्हणून हे आधीच विचारून घ्या. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, हवा असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते.

चौथं : वाट आणि तिथी

पहिल्यांदा करणाऱ्यांना मी मालगुंड ते रत्नागिरी ही वाट सुचवीन. केशवसुतांच्या मालगुंडातून निघायचं, गणपतीपुळे, भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे, काळबादेवी असं करत रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्यावर संपवायचं. अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, दोन सकाळींत निवांत होतं. हर्णै-दाभोळची बाजूही देखणी आहे, पण इथे किनाऱ्याच्या सोबत जवळपास सगळीकडे डांबरी रस्ता आहे. कुणाचा पाय मुरगळला तर पाच मिनिटांत गाडी जवळ आणता येते. मोहिमेत माणसं पहिल्यांदाच चालणार असतील तेव्हा निसर्गसौंदर्यापेक्षा हे महत्त्वाचं.

तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, पंचांग बघून ठरवा. आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, पावणेअकराच्या आसपास, पूर्ण ओहोटी. सकाळी सातला निघालात की चारेक तास पाणी मागे हटत असतं आणि पायाखाली ओली घट्ट वाळू मिळते. दुसऱ्या दिवशी सप्तमीला हेच सगळं पाऊण तास उशिरा. म्हणून षष्ठी-सप्तमीची जोडी चालण्यासाठी उत्तम. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, दुपारी अकरा-बाराला पाणी पार वर चढतं आणि चालायला मऊ वाळू तेवढी उरते. हा ठोकताळा झाला. पक्क्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि बंदरावरच्या माणसाला विचारा.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा सोडा, गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. माघी गणेशजयंती आणि अंगारकीही टाळा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दहा वाजताच ऊन डोक्यात जायला लागतं.

खाडीच्या मुखातून चालत पलीकडे जायचा मोह होईल, ओहोटीत पाणी गुडघाभर दिसतं. जाऊ नका. ओहोटीचा ओढ खाडीच्या तोंडाशीच सर्वांत जोराचा असतो. पुलावरूनच जा. गणपतीपुळ्याच्या समुद्राने अनेक पर्यटकांचा जीव घेतलाय, त्यामुळे ‘जरा पाय भिजवून येतो’ म्हणणाऱ्यालाही घोट्याच्या वर पाण्यात जाऊ द्यायचं नाही, हा नियम अर्जावरच छापा. आरे-वारेच्या घाटात रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे. तिथे एका रांगेत, उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला.

परवानग्यांसाठी वाटेतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या, सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयालाही कळवा. नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून वनखात्याला विचारून घरट्यांच्या जागा समजून घ्या. रात्री वाळूवर बॅटऱ्या घेऊन फिरू नका आणि शेकोटी करू नका.

पाचवं : चालण्याची तयारी

आठ आठवडे धरा. आठवड्यातून तीनदा तासभर आणि रविवारी एक लांब चाल, पाच किलोमीटरपासून चढवत पंधरापर्यंत. निम्मी तरी चाल वाळूवर करा. मुंबईकरांनी जुहू-गोराई गाठावं. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर सहज चालणारा माणूस मऊ वाळूत पाचातच पिंडऱ्या धरून बसतो.

एक बारकावा. उत्तरेकडून दक्षिणेला चालताना समुद्र उजव्या हाताला असतो आणि किनारा त्या बाजूला उतरता. उजवा पाय सतत खाली पडतो आणि दोन तासांत कमरेवर, गुडघ्यावर एकाच बाजूने ताण येतो. पाण्यालगतचा सर्वांत सपाट, ओला पट्टा धरून चाला आणि जमेल तिथे मधूनमधून रस्त्यावर चढा. बूट बंद, हलके आणि पाणी झिरपून जाईल असे जाळीचे असावेत. नवे कोरे नकोत. मोज्यांच्या दोन जोड्या लागतात. ओल्या मोज्यात वाळूचे चार कण शिरले की तासाभरात टाचेवर फोड येतो. आधी तिथे नुसतं चुरचुरतं. त्या क्षणी थांबायचं, पाय कोरडा पुसायचा, चिकटपट्टी लावायची. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणणाऱ्याची पदयात्रा पुढच्या थांब्यावर संपते.

पाणी तासाला साधारण अर्धा लिटर. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत कोकम सरबत, शहाळं किंवा मीठ-साखरेचं पाणी घ्या : एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सकाळी आंबोळी किंवा तांदळाची भाकरी पोटाला बरी पडते. कुणी असंबद्ध बोलायला लागला, चालताना भेलकांडू लागला तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा आणि १०८ ला फोन करा.

सहावं : मागणं

हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून ट्रेलवॉकर ही लांब पल्ल्याची पदयात्रा सुरू झाली, पुढे ती ऑक्सफॅम या मदतसंस्थेची निधी-मोहीम म्हणून अनेक देशांत गेली, भारतातही झाली. तिच्यातली एक रीत उचलण्यासारखी आहे : चौघांचा चमू, चौघांनी मिळून निघायचं आणि मिळूनच पोचायचं. निधीचं उद्दिष्टही चमूचं. एकट्याला मागायला संकोच वाटतो, चौघांत एक तरी बोलका असतोच. दहा चमू धरले आणि प्रत्येकाने ३३,००० चं उद्दिष्ट घेतलं, तर वरचा हिशेब बसतो. चौघांनी मिळून पासष्ट-सत्तर माणसांकडून पाच-पाचशे मागायचे, म्हणजे माणशी सतराजण. हे अवघड नाही.

मागायचा मोसम गणपतीचा, म्हणजे विचारपूस आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर झालेली हवी. चाकरमानी गावाला आलेला असतो, वाडीत बसायला वेळ असतो आणि पावसाच्या आठवणी ताज्या असतात. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे, त्यांच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. घरोघरी फिरणार असाल तर पावतीपुस्तक संस्थेचंच हवं, क्रमांक घातलेलं. किलोमीटरमागे ठरावीक रक्कम, म्हणजे समजा किलोमीटरला वीस रुपये, पंचवीस पुरे केले की पाचशे, ही पद्धत तरुणांना आवडते. ज्येष्ठ मंडळींना मात्र सरळ रक्कम सांगा.

निरोप असा लिहावा :

‘दादा, मी जानेवारीत मालगुंड ते रत्नागिरी चालणार आहे. आपल्याकडे पूर, दरड, अपघात झाला की रुग्णवाहिकेवरची, अग्निशमनची आणि होडीवरची जी माणसं पहिली पोचतात, त्यांना नंतर झोप लागत नाही, बोलायला कोणी नसतं. त्यांच्या समुपदेशनासाठी आम्ही ३,३०,००० रुपये उभे करतोय. ५०० रुपयांत एका बैठकीचा तिसरा हिस्सा होतो. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात, पावती मिळते. माझं राहणं-जेवण मी स्वतःच्या खिशातून करतोय.’

शेवटचं वाक्य गाळू नका, आणि ते खरं असू द्या. चालणाऱ्यांचं जेवण, मुक्काम, टी-शर्ट, विमा हे सगळं प्रवेश-शुल्कातून. देणगीतला पैसा पोह्यांवर गेला हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी ती वाडी दार उघडत नाही, आणि तिचं बरोबरच असतं.

फलकावर मृतदेहांचे, ढिगाऱ्याचे, रडणाऱ्या आयांचे फोटो नकोत. ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्याच डोळ्यांसमोर आपण ते परत धरतो. ‘देवदूत’ हा शब्दही टाळा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ज्याला अख्ख्या तालुक्याने देवदूत केलं, तो ‘मला रात्री भीती वाटते’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सातवं : चालायचे दोन दिवस

१०८ ची गाडी तुमच्या कार्यक्रमासाठी उभी करून ठेवू नका. ती तालुक्याची आहे. खाजगी रुग्णवाहिका भाड्याने घ्या, डॉक्टर तुमचा आणा, सगळ्यांचा अपघात विमा काढा. ज्यांच्यासाठी चालतोय त्यांनाच सुट्टीच्या दिवशी बंदोबस्ताला उभं करणंही बरोबर नाही. त्यांना चालायचं असेल तर तुमच्यासारखंच चालू द्या, गणवेशाशिवाय, ओळख सांगायची की नाही हे त्यांच्यावर सोडून. शुल्क घेऊ नका.

मंचावर अनुभवकथन ठेवू नका. कोणी आपणहून, चालता चालता, बाजूच्याशी बोललं तर ऐका. खांद्याला खांदा लावून चालताना माणूस समोरासमोर बसून बोलणार नाही असं बरंच बोलतो. ते बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नसतं. एक-दोन मानसतज्ज्ञ सोबत चालत असावेत आणि दुपारच्या मुक्कामी एक खोली रिकामी, दार लावता येईल अशी असावी. कुणाचा बांध फुटला तर पाणी द्या, जवळ बसा, ‘सगळं ठीक होईल’ किंवा ‘विसरून जा’ म्हणू नका, आणि तज्ज्ञाला बोलवा. जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. प्रत्येक चालणाऱ्याच्या ओळखपत्रामागे तो छापा.

वाटेत कुणी थकला तर त्याला गाडीत बसवा. त्याचा निधी पूर्णच धरायचा, हे देणगीदारांनाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी हट्टाने दुखऱ्या पायावर चालत नाही.

आठवं : हिशेब, आणि पावसाच्या आतलं काम

महिन्याभरात जमा-खर्च जाहीर करा. किती आले, कोणत्या कामाला किती ठेवले, बँकेत किती आहेत, एका पानावर. ते पान वाटेतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मुंबईच्या मंडळांना गेलं पाहिजे. ८०जी ची प्रमाणपत्रं संस्थेकडून वेळेत निघतायत ना, याचा पाठपुरावा तुम्हीच करा. सहा महिन्यांनी दुसरं पान काढा : किती माणसांनी बैठका घेतल्या, किती बैठका झाल्या, किती घरच्यांनी फोन केला. आकडा लहान असेल तर लहानच लिहा. पहिल्या वर्षी तीसातल्या सात-आठ जणांनीच फोन उचलला तरी पैसे परत मागे खेचू नका किंवा दुसऱ्या कामाला वळवू नका. विश्वास बसायला एक पावसाळा जातो.

जिल्ह्याचे आपत्ती नियंत्रण कक्ष १ जूनच्या सुमारास चोवीस तास सुरू होतात. त्याच्या आत, मे महिन्यात, पुन्हा एकदा त्याच थांब्यांवर, केंद्रांत आणि बंदरांवर जा. मानसतज्ज्ञाला सोबत न्या, चेहरा ओळखीचा होऊ द्या. खिशात मावेल असं, भिजलं तरी न फाटणारं कार्ड प्रत्येकाच्या हातात द्या. त्यावर तज्ज्ञाचा नंबर, फोन घेण्याच्या वेळा, १४४१६ आणि ‘तुमचं नाव कोणालाही कळणार नाही’ ही ओळ. तेच कार्ड घरी बायकोला, आईला द्यायलाही सांगा, कारण पहिला फोन बऱ्याचदा तिथूनच येतो.